कोरा साक्षीदार

चिमट्यानेच उचलायचा.
बोटं लागली तर बोटांचंही वजन येतं कागदावर,
असं रेहाना मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाली होती.
तराजूचं काचेचं दार सरकवून
आम्ही दोघी तोंड बाजूला करून श्वास घेतो.
एवढ्या नाजूक काट्याला सुस्काराही जड.

रात्रभर कागद कोरड्या बरणीत होता.
मुंबईत काहीही तोलायला घ्या,
आधी समुद्रच येऊन बसतो पारड्यात;
तो उठून जाईपर्यंत थांबावं लागतं.

परवा हा कागद माझ्याबरोबर फिरला,
भुयारातल्या गाडीने, या टोकापासून त्या टोकाला, नऊ फेऱ्या.
कमरेला पंप, खांद्यावरून नळी,
नळीचं तोंड नाकाच्या पातळीला.
तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी अडली.
"मॅडम, हे काय?"
"आतली हवा मोजायचीय."
"आत तर एसी आहे," तो म्हणाला,
आणि परवानगीचं पत्र दोनदा वाचून सोडलं.

खरंच, आत गार होतं. लख्ख होतं.
कोळसा नाही, डिझेलचा वास नाही,
वीज काही सांडत जात नाही वाटेत.
पण स्टेशन आलं की गाडी थांबते,
आणि थांबताना
चाक थोडं रुळावर राहतं, रूळ थोडा चाकावर,
ब्रेकचा गाल घासतो,
आणि जे सुटतं ते खाली पडत नाही.
तरंगतं.
मग दारं उघडतात, किती अदबीने.

बाबा कुर्ल्याच्या कारशेडात फिटर होते.
झिजलेले ब्रेक-ब्लॉक काढायचे, नवे बसवायचे.
त्यांचा शर्ट आई वेगळ्या बादलीत भिजवायची.
पाणी ओतून दिलं की तळाशी गाळ,
ओल्या काजळासारखा, पण वजनदार.
फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक
मी बादलीच्या बुडाखालून फिरवायचे
आणि गाळ उभा राहायचा,
अंगावरचे केस राहावेत तसा.
"अगं, गाडी थांबवायची म्हणजे
कुणीतरी झिजायला नको का?"
म्हणायचे, आणि बशीतला चहा फुर्रकन् ओढायचे.
पुढे खोकला धरला तेव्हा डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं.
फक्त तंबाखूबद्दल.

यातून मी काहीच सिद्ध करत नाही.
एकच नमुना; आणि त्यांची छाती
कोरी असताना कुणी तोलून ठेवली नव्हती.

म्हणून तर आम्ही दोन कागद नेतो.
एक श्वास घेतो. दुसरा
त्याच पिशवीत, बंद डबीत, नुसता बसून येतो.
त्याला आम्ही साक्षीदार म्हणतो.
पहिला परत आला तो मधोमध तपकिरी,
पोळीवर डाग पडावा तसा.
दुसरा पांढराच.
जाताना होतं तेवढंच त्याचं वजन यायला हवं.

आज ते वाढलं.
पुन्हा ठेवला. पुन्हा तेवढंच जास्त.
डबीचं झाकण सैल असेल, रेहाना म्हणाली,
नाहीतर तू मध्येच पिशवी उघडून काहीतरी खाल्लंस.
खाल्लं होतं. फलाटाच्या बाकावर, घाईत, दोन घास.
तिने वहीत लाल रेघ मारली. दिवस बाद.

बाद म्हणजे नऊच्या नऊ फेऱ्या.
समोर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते, त्या धरून.
आणि ती मुलगी, सहा-सात वर्षांची,
फुगा फुगवत होती.
तीनदा हातून सुटला, डबाभर फिरून आला,
चौथ्यांदा तिच्या आईने गाठ मारून दिली.
धारावीला उतरून सरकत्या जिन्याने वर गेली
भुयारातली एवढी हवा
दोन्ही हातांत धरून.

तिची गाठ तरी पक्की होती.

पंप चार्जिंगला लावते.
उद्या डबा घरीच खाऊन निघायचं.